राऊपर्यंत गेलेली काठी

आमचे सासरे जन्मभर मासे पकडत होते आणि त्यांनी आयुष्यात कधी मासा खाल्ला नाही. खाल्ला नाही म्हणजे काय, त्यांना वाससुद्धा सोसायचा नाही. नदीवरून आले की आधी विहिरीवर अंघोळ, मग संध्या, मग चहा. जातीनं देशस्थ, जेवणात वरणभात आणि वर मूठभर शेव, आणि साऱ्या इंदुरात नाव काय, तर 'मच्छीवाले पंडितजी'! लग्न होऊन मी पहिल्यांदा इंदूरच्या स्टेशनावर उतरले तेव्हा ह्यांनी टांगेवाल्याला जुनी इंदुरातला पत्ता सांगितला. तो घोड्याला चुचकारत म्हणाला, "अच्छा, मच्छीवाले पंडितजी के यहाँ?" मी वाईची, कृष्णेच्या घाटावर कीर्तनं ऐकून वाढलेली. मनात म्हटलं, झालं, बाबांनी स्थळ काही नीट पाहिलेलं दिसत नाही. टांग्यात मला रडूच कोसळलं.

घरी आबासाहेब ओट्यावर उभे होते. उंच, काटक, डोक्याला बांधलेलं पागोटं, आणि मान कायम थोडी खाली, पाण्यात बघत असल्यासारखी. माझे लाल डोळे बघून त्यांनी सासूबाईंना हाक मारली, "अगं, सूनबाईला आधी पाणी दे. आणि सांग तिला, आपल्या घरात मच्छी शिजत नाही म्हणून." त्यांना कसं कळलं कोण जाणे. सासूबाई मागून फणकारल्या, "शिजत नाही, पण बोलण्यात चोवीस तास तीच असते."

आबासाहेब होळकर सरकारच्या शिकारखान्यात होते. सरकारांचे पाहुणे आले, महूच्या छावणीतले गोरे अंमलदार आले, की त्यांना चोरल नदीवर नाहीतर नर्मदेवर बडवाहाला घेऊन जायचं, काठ्या जोडून द्यायच्या, दोर ओवायचा, महाशीर मासा कुठल्या खडकाच्या आड उभा आहे ते बोटानं दाखवायचं आणि बाजूला व्हायचं. साहेब काठावर असला की आबासाहेब दोन पावलं मागं. साहेबाला मासा लागला की शाबासकी साहेबाची, सुटला की चूक आबासाहेबांची. ह्यात त्यांना कधी वावगं वाटलं नाही. सासूबाईंना मात्र वाटायचं, आणि त्या ते भांडी आपटून बोलून दाखवायच्या.

सुट्टीच्या दिवशी ते एकटे जायचे. साधी बांबूची काठी, सुती दोर, कणकेची गोळी. मासा मिळाला की गळ काढायचा, जखमेवर हळदीचं बोट लावायचं आणि सोडून द्यायचा. हळदीची डबी त्यांच्या बंडीच्या खिशातच असे. सासूबाई विचारायच्या, "अहो, पाण्यात हळद टिकते का?" तर म्हणायचे, "नाही टिकत. पण त्याला कळतं न, की कुणी तरी लावली." ह्यावर काय बोलणार! मी पदर तोंडाला लावून आत पळायची.

उसन्या वस्तूला त्यांचा हात लागत नसे. हा त्यांचा दुसरा नेम. एकदा सराफ्यात अचानक पाऊस आला, ओळखीचा दुकानदार छत्री पुढं करून राहिला होता, "लो न पंडितजी, कल लौटा देना." आबासाहेब आपले चिंब भिजत घरी आले. सासूबाईंनी टॉवेल फेकला अंगावर. म्हणाले, "उसनी वस्तू हातात धरली की हात आखडतो. लक्ष त्या वस्तूतच राहतं, चालण्यात राहत नाही." मला तेव्हा वाटलं, हा निव्वळ हट्टीपणा. अजूनही थोडा वाटतो.

मग संस्थान विलीन झालं. मध्यभारत राज्य आलं. राजधानी काही महिने ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. फायलींच्या पेट्यांबरोबर सचिवालयात नोकरीला असलेले आमचे हे पण तिकडून इकडे आणि इकडून तिकडे. शिकारखान्याला कुलूप लागलं आणि आबासाहेब घरी बसले. पुढं शिकारखान्यातलं सामान विकायला निघालं. विलायती काठ्या, पितळी रिळं, रेशमी दोर, सगळं. कुणीतरी येऊन सांगितलं, पंडितजी, तुम्ही चला, तुमच्या हातचा माल आहे, स्वस्तात मिळेल. आबासाहेब उठून आत गेले. सासूबाईंना म्हणाले, "सरकारांच्या काठ्यांवर मी बोली लावू? हात झडतील माझे." ज्या काठ्यांना त्यांनी जन्मभर तेल लावलं, त्या कुणाकुणाच्या घरी गेल्या. त्या रात्री ते जेवले नाहीत.

आणि अशात एका दिवाळीला कर्नलसाहेबाचं बोलावणं आलं. हा पूर्वी महूला होता. बडवाहाला नर्मदेच्या ओढीत पाय घसरून वाहून चालला होता, तेव्हा आबासाहेबांनी पागोटं सोडून त्याच्याकडे फेकलं आणि त्याला ओढून काढलं. तो आता म्हातारा होऊन स्कॉटलंडात राहत होता. त्यानं लिहिलं होतं, पंडित, एकदा इकडे ये. आमच्या नदीतला सालमन मासा बघ. बोटीचं जायचं-यायचं तिकीट मी काढतो. ह्या वेळी तू काठावर उभा राहा, मी मागं बसतो. आणि शेवटी लिहिलं होतं, सामानाचं ओझं आणू नकोस, नदीकाठच्या हॉटेलात उत्तम काठ्या दिवसाच्या भाड्यानं मिळतात.

आबासाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. "ह्या वेळी तू काठावर" पर्यंत चेहरा असा फुलला होता की काय सांगू. आणि भाड्याचं वाक्य आलं तशा कपाळाला आठ्या. म्हणाले, "घ्यायची तर विकतच घेईन."

हे दिवाळीला घरी आले होते. हिशेबी माणूस. म्हणाले, "आबा, बरोबरच लिहिलंय न त्यांनी. महिन्याभराचा प्रश्न. विकत कशाला घेऊन राहिले तुम्ही? भाड्यानं घ्या, मासे पकडा, परत करून या."

"सोयऱ्याकडे जेवायला गेलो तर ताट त्यांचं असतं, बरोबर आहे," आबासाहेब म्हणाले. "पण हात आपलाच नेतो न आपण?"

"अहो, पण..."

"जन्मभर दुसऱ्याच्याच काठ्या धरल्या रे. तिथं जाऊनही दुसऱ्याचीच धरू?"

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या महूला जायचं. मी पण येणार. सूनबाई, तू पण चल."

महूच्या बाजारात एक म्हातारा बोहरी होता. गोरे लोक देश सोडून गेले तेव्हा त्यांचं सामान ह्यानं घेऊन ठेवलेलं. दुकानात खोगिरं, मेमसाहेबांच्या टोप्या, बिनतारांचा पियानो, आणि कोपऱ्यात मासे धरायच्या काठ्या. त्यानं आबासाहेबांना बघताच सलाम केला. "आओ पंडितजी! मैं कहता ही था, ये माल आपकी राह देख रहा है."

काठी विकत घेणं म्हणजे काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. बाई शालू घेताना एवढी चिकित्सा करत नाही. आधी एकेक तुकडा उन्हात धरून डोळ्यासमोर फिरवला. चिरलेल्या वेळूच्या सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवून ही काठी करतात. कुठं सांध्याला फट आहे का, कुठं वाक आहे का, ते पाहिलं. मग तुकडे जोडले. मग दुकानाबाहेर भर रस्त्यात उभे राहून काठी हवेत हलवली. टोक थरथरत राहिलं तर नापसंत, एकदा डुलून थांबलं तर पसंत. रस्त्यावर ही गर्दी जमली! एक सायकलवाला भिया थांबून विचारतो, "पंडितजी, रस्ते में कौन-सी मच्छी?" आबासाहेबांना ऐकूच गेलं नाही. रिळाची किरकिर कानाशी धरून ऐकत होते.

शेवटी दोन काठ्या उरल्या. एक नवीकोरी, चमकदार. दुसरी वापरलेली, मुठीचा बुचाचा भाग हातानं काळा पडलेला. आबासाहेबांचा निर्णय होईना. एकदा ही उचलत, एकदा ती. ऊन चढलं, मला भूक लागली. तेव्हा सासूबाई पुढं झाल्या आणि काळ्या मुठीची काठी उचलून त्यांच्या हातात दिली. "ही घ्या."

"तुला काय कळतं ह्यातलं?"

"काठीतलं नाही कळत. तुमच्या तोंडावरचं कळतं. ही धरली की तुमचं तोंड उजळतं."

बोहरी मोठ्यानं हसला. "सौदा हो गया पंडितजी. अब मालकिन ने बोल दिया." आबासाहेब लाजले. साठीतला माणूस, पण खरंच लाजला.

पुढचे महिने घर त्या काठीचं झालं. रेशमी दोर अंगणात या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत ताणून त्याला मेण-तेल चोळायचं. पिसं गोळा करायची. तिकडच्या माशाला कणीक चालत नाही म्हणे, पिसांची माशी करून गळाला बांधावी लागते, आणि त्यासाठी विलायतेतही आपल्या रानकोंबड्याच्या मानेची पिसं वाखाणतात. ती पिसं त्यांनी कर्नलसाहेबासाठी भेट म्हणून जपून ठेवली. "रिकाम्या हातानं कसं जायचं त्याच्याकडे?" सासूबाईंनी जुन्या इरकली लुगड्याची पट्टी काढून काठीला अस्तर लावलेली पिशवी शिवली. काठीला त्या सवत म्हणायच्या. "सवतीला तेल लावून झालं असेल तर जेवायला या." आणि मलाच खुणावायच्या, बघ कसे मुलासारखे झालेत. त्या बोलण्यात कौतुक किती होतं! दशम्यांचा, मेतकुटाचा, शेवेच्या डब्यांचा विचार तर दिवाळीपासूनच सुरू झाला होता.

बोट गुढीपाडव्यानंतर होती. गुरुजींनी पंचांग पाहिलं आणि मान हलवली. त्या सुमाराला प्रवासाला मुहूर्तच नव्हता. चांगला मुहूर्त होता तो माघात. सासूबाई म्हणाल्या, "मग प्रस्थान ठेवू."

आताच्या मुलींना प्रस्थान माहीत नाही म्हणून सांगते. मुहूर्त आधीचा आणि निघायचं नंतर, असं झालं की मुहूर्तावर आपली एखादी वस्तू घराबाहेर दुसऱ्याकडे नेऊन ठेवायची. माणूस निघाला असं धरायचं. पुढं खरोखर निघताना ती वस्तू उचलून चालू लागायचं. मात्र एकदा बाहेर पडलेली वस्तू उंबऱ्याच्या आत परत आणायची नाही. आणली की प्रवास मोडला. लोक धोतर-उपरणं ठेवतात, नारळ ठेवतात. सासूबाईंनी काठी ठेवायची ठरवली.

"काठी?" आबासाहेबांचा जीव खाली-वर. "अगं, तिला दुसऱ्याच्या घरी?"

"जी नेल्याशिवाय तुमचं पाऊल उचलणार नाही तीच ठेवायची. उपरणं काय, तुम्ही विसरून पण जाल."

गुरुजींनी आणखी एक अडचण काढली. एका जागी प्रस्थान दहा दिवसांपलीकडं टिकत नाही. ह्यावर सासूबाईंचा तोडगा तयार. "मग पुढं सरकवत राहू. मागं आणायची नाही, पुढं न्यायला कुणाची मनाई आहे?" गुरुजी डोकं खाजवत "हरकत नाही" म्हणाले; सासूबाईंसमोर तेही दुसरं काही म्हणत नसत. अशी ती काठी आधी इंदुरातच सियागंजात एका नातलगाकडे गेली, मग महूच्या वाटेवर राऊ गावी आबासाहेबांचे मित्र होते मास्तर, त्यांच्याकडे. तिथून पुढं महूला जायची होती. मुंबईची वाटच ती. काठी पुढं, माणूस मागं. आबासाहेब दर दोन दिवसांनी आगगाडीनं राऊला जाऊन तिला बघून यायचे, आणि मास्तरांची बायको चहा देता देता हसायची.

ह्याच दिवसांत सासूबाईंचे पाय सुजले. आधी कुणी लक्ष दिलं नाही. त्यांनी देऊ दिलं नाही. मग पोट वाढू लागलं, धाप लागू लागली, आणि ओसरीवर त्यांची खाट पडली. हे ग्वाल्हेरला. डॉक्टर आले, पोटावर बोटं वाजवून पाहिली आणि आबासाहेबांना आणि मला दाराबाहेर घेऊन गेले. "पोटात पाणी भरून राहिलंय, पंडितजी. औषध तर मी देऊनच राहिलो आहे. पण तुम्ही विलायतेला जाणार न? परत याल तेव्हा भेट होईल असं मला सांगता येत नाही."

आबासाहेब आत गेले आणि खाटेशी बसून म्हणाले, "मी जात नाही."

अरे देवा! आजारी बाईच्या अंगात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. "जात नाही म्हणजे? मी मेले का? तुम्ही जाणार नसाल तर मी औषधाचा घोट घेणार नाही, सांगून ठेवते." आणि खरंच दुपारचं औषध त्यांनी तोंड फिरवून नाकारलं. संध्याकाळचंही. शेवटी आबासाहेबांनी कबूल केलं, "जातो बाई, जातो. घे ते." मग घेतलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला त्या विचारायच्या, "आहे न काठी राऊला?" आबासाहेब म्हणायचे, "आहे." मग त्यांना झोप लागायची.

मी एकदा पाय दाबता दाबता विचारलं, "आई, एवढा हट्ट कशापायी? राहू देत न ते तुमच्याजवळ." त्यांनी डोक्याखालची उशी सारखी केली. मग म्हणाल्या, "जन्मभर हा माणूस दोन पावलं मागं उभा राहिला गं. एकदा पुढं उभं राहू दे त्याला. माझ्या दुखण्यापायी राहिला, तर मी पण त्या साहेबांसारखीच झाले न?" आणि मग, जरा हसून, "मी कधी बघितलंच नाही ह्यांना काठी चालवताना. बायकांना नदीवर कोण नेतं? तिकडे तरी कुणी बघेल."

मी खाली मान घालून पाय दाबत राहिले.

रंगपंचमी आली. राऊचे दहा दिवस भरले होते. सकाळीच सासूबाईंनी फर्मावलं, "आज काठी महूला सरकवायची. रंग खेळणारे अडवतील, लवकर निघा." आबासाहेब निघाले. दुपारपर्यंत राजवाड्याच्या बाजूनं ढोलताशे आणि आरडाओरडा ऐकू येत राहिला. इंदूरची रंगपंचमी काय सांगायची, गल्ल्या लाल होतात. आम्ही दोघी ओसरीवरून आकाशात उडणारा गुलाल बघत होतो.

दारात कुणी उभं राहिलं. आधी मी ओळखलंच नाही. पागोट्यापासून पायापर्यंत लाल, हिरवे, पिवळे. भुवयांतून रंग गळतोय. नेसूचं धोतर अंगाला चिकटलेलं. आणि उपरण्यात, बंडीत, जे जे अंगावर होतं त्यात गुंडाळून छातीशी धरलेली ती पिशवी. तिच्यावर रंगाचा एक थेंब नाही. आबासाहेब उंबरा ओलांडून आत आले.

"महूला नाही नेलीत?" सासूबाई उठून बसायला बघू लागल्या.

"नाही."

"घरात आणलीत? उंबऱ्याच्या आत?"

"आणली."

सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मोडलंत न माझं प्रस्थान! जन्मात एक गोष्ट मागितली होती तुमच्याकडे."

आबासाहेब तसेच खाटेपाशी खाली बसले. रंगाचे ओघळ जमिनीवर येत होते. म्हणाले, "माझं मी मोडलं. आता तुझं तू मोड. मी कुठं जात नाही, तू पण कुठं जायचं नाहीस."

"माझ्या हातात आहे का ते?"

"नसेल. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं."

मी आत गेले आणि चुलीपुढं बसून रडले. मग सासूबाईंची हाक आली, घोगरी, नेहमीसारखी खणखणीत नाही. "सूनबाई, ह्यांच्या अंघोळीला पाणी काढ. भूत बसलंय इथं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आबासाहेबांनी मला पितळी परात मागितली. अंगणाच्या पार त्या टोकाला ठेवली, पाण्यानं भरली. काठी जोडली, दोर ओवला, आणि गळाच्या जागी लाल लोकरीचा गोंडा बांधला. सासूबाईंना उशा लावून ओसरीवर बसतं केलं. "तिकडे साहेब बघणार होता," ते म्हणाले. "त्यानं पुष्कळ बघितलंय. तू बघ."

आणि त्यांनी काठी उचलली. मीही तेव्हाच पहिल्यांदा बघत होते. मान खाली घालून चालणारा तो माणूस एकदम ताठ झाला. दोर मागं गल्लीवरून गेला, क्षणभर हवेत थांबला, मग पुढं लांबच लांब उलगडत गेला आणि गोंडा परातीतल्या पाण्यावर असा उतरला की आवाज नाही. नुसतं एक वर्तुळ उठलं. टाकल्यावर नजर गोंड्यावरून हलवायची नाही, हा त्यांचा नेम. परातीकडे बघतच त्यांनी विचारलं, "दिसलं का गं?"

सासूबाईंचं तोंड मी बघितलं होतं. नव्या नवरीचं असतं तसं झालं होतं. पण बोलल्या काय? "एवढंच? एवढ्यासाठी विलायतेला निघाला होतात?"

आबासाहेब हसले. मी त्यांना एवढं मोठ्यानं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग रोज दुपारी तेच. डोळा उघडला की त्या म्हणायच्या, "टाका बघू." गल्लीतले लोक मागं डोकी चुकवून जायचे. पलीकडची मालवी म्हातारी भिंतीवरून बघत बसायची. कुणी हसलं नाही. त्या दिवसांत मुंबईहून बोट निघून गेली असती तरी आमच्या घरी कुणाला त्याची आठवण झाली नसती.

पुढं आबासाहेब पुष्कळ वर्षं जगले. विलायतेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. इंदुरातली मुलं परदेशी जाऊ लागली. त्यांतला एखादा हौशी निघायच्या आधी सल्ला विचारायला यायचा. पंडितजी, तिकडे मासे पकडायचा विचार आहे, सामान भाड्यानं घेऊ की इथूनच विकत घेऊन जाऊ? आबासाहेब नीट चौकशी करायचे, नदी कुठली, महिना कुठला. मग म्हणायचे, "विकतच घे भिया. भाड्याची काठी तिथंच ठेवून यावी लागते. आपली असली की मनात आलं तेव्हा घरी परत आणता येते." मुलाला वाटायचं, म्हातारा पैशाचं सांगतोय. मी दारामागं उभी असायची. मला ठाऊक होतं ते कशाचं सांगतायत.

शेवटच्या दुपारचं सांगायचं राहिलं. पाडवा तोंडावर आला होता. हे रजा काढून आले होते आणि डॉक्टरांना आणायला गेले होते. मी सासूबाईंच्या उशाशी पंखा घेऊन बसले होते, त्यांचा हात माझ्या हातात. त्यांनी "टाका बघू" म्हटलं ते इतकं हळू की मलाच ऐकू आलं. मी ओरडून आबासाहेबांना सांगितलं. ते तयारच होते. पहिल्यांदा टाकलं, गोंडा परातीत उतरला. "दिसलं का गं?" सासूबाईंनी बोट हलवलं. मी सांगितलं, "दिसलं म्हणतायत." त्यांनी दोर ओढून घेतला, दुसऱ्यांदा टाकला. ते टाकणं आजवरचं सगळ्यात सुंदर होतं. दोर उन्हात चमकत गेला आणि पाण्याला कळलंसुद्धा नाही.

"दिसलं का गं?"

माझ्या हातातला हात जड झाला होता. मी वाकून पाहिलं. डोळे उघडे होते, परातीच्या दिशेलाच होते. छातीवरचा पदर हलत नव्हता. माझ्या तोंडून किंकाळी फुटणार होती, ती मी पदराचा बोळा करून दाबली. आबासाहेब तिकडे ताठ उभे होते, नजर गोंड्यावर, तोंडावर ते उजळलेपण. उत्तराची वाट बघत होते.

"अगं, दिसलं का?"

"दिसलं, आबासाहेब," मी म्हणाले. "त्या म्हणतायत, अजून एकदा टाका."

आणि त्यांनी दोर सावकाश ओढून घेतला आणि पुन्हा एकदा टाकला.